प्रकाशझोत कुणावर, अंधार कुणावर?

अंदमानला जाऊन आलेल्या कोणत्याही नागपूरकर कुटुंबाला ‘काय पाहिलेत?’ असे विचारावे. स्वराज द्वीपचा राधानगर किनारा, नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, काचेच्या तळाच्या नावेतून दिसलेले प्रवाळ आणि ‘सेल्युलर जेलमधला तो लाइट अँड साउंड शो’ अशी यादी ठरलेली असते. ‘फार छान होता हो, डोळ्यांत पाणी आले,’ हे वाक्यही ठरलेले असते. डोळ्यांत पाणी आले यात वावगे काहीच नाही. ज्याच्या डोळ्यांत त्या जागी पाणी येत नाही, त्याच्या हृदयाची तपासणी करावी लागेल! प्रश्न एवढाच आहे की, ते पाणी सुकल्यावर मागे काय उरते?

हा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम सायंकाळी हिंदीत आणि इंग्रजीत होतो. कारागृहाच्या प्रांगणातील पिंपळ हा त्याचा निवेदक. सारे काही पाहिलेला मूक साक्षीदार बोलू लागतो, भिंतींवर तांबडा-निळा उजेड सरकतो, साखळ्या खणखणतात, फटके ऐकू येतात, ‘वंदे मातरम्’चा घोष उठतो. कल्पना उत्तम आहे, हेतूही उत्तम आहे. पाठ्यपुस्तकांनी जे दोन ओळींत उरकले, ते येथे हजारो मुले कानांनी ऐकतात, याचे श्रेय या कार्यक्रमाला दिलेच पाहिजे. परंतु तासाभराच्या या भावनेवर आपण आपले राष्ट्रीय कर्तव्य फेडल्याचे समाधान मानू लागलो आहोत आणि तक्रार नेमकी तिथे आहे.

मुळात हे कारागृह म्हणजे प्रकाश आणि ध्वनी नव्हेच. ते अंधार आणि नि:शब्दता यांचे शास्त्रशुद्ध बांधकाम होते. १८९६ मध्ये काम सुरू झाले आणि १९०६ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी मनोरा, त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या तीन मजली सात चाळी आणि एकूण सुमारे सातशे कोठड्या. प्रत्येक चाळीचे तोंड शेजारच्या चाळीच्या पाठीकडे, म्हणजे एका बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. कोलूला जुंपलेल्या माणसाने दिवसाला ३० पौंड खोबरेल गाळून द्यायचे; न दिल्यास दंडाबेडी, उभी हातकडी, फटके. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीतच गळफास घेतला. उल्हासकर दत्त यांचे मानसिक संतुलन ढळले. मंडाले कटातील पंडित रामरखा यांचे यज्ञोपवीत उतरवले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यातच देह ठेवला. फटक्याचा आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकविता येतो. पण तोच कोलू, तीच भिंत, तोच जेलर बारी आणि तोच दिवस पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे, हे कोणत्या यंत्राने ऐकवावे? ते ऐकायचे असेल तर ‘माझी जन्मठेप’ उघडावे लागते. आपल्यापैकी किती घरांत ते पुस्तक कपाटात आहे आणि किती घरांत ते वाचलेले आहे, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

आता त्या प्रकाशझोताकडे वळू. तो पडतो तीन चाळींवर. कारण तीनच उरल्या आहेत! १९४१ च्या भूकंपाने आणि १९४२ नंतरच्या जपानी अमलाने काही भाग गेला, हे खरे. परंतु आणखी दोन चाळी कुणी पाडल्या? इंग्रजांनी नव्हे. त्या स्वतंत्र भारतात पाडल्या गेल्या. १९६३ मध्ये त्याच आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे राहिले. रुग्णालय नको होते असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण अवघ्या बेटावर त्यासाठी दुसरी जागा नव्हती काय? ज्या भिंतींना देशभक्तांच्या घामाचा आणि रक्ताचा वास होता, त्यांच्या विटा म्हणजे केवळ बांधकामाचा अडथळा, असे राज्यकर्त्यांना वाटावे, हेच त्या काळच्या राजकीय मनोवृत्तीचे यथार्थ दर्शन आहे. उरलेले कारागृह वाचले ते सरकारच्या सद्बुद्धीने नव्हे. एकेकाळी त्याच कोठड्यांत राहिलेले वृद्ध क्रांतिकारक उभे ठाकले, त्यांनी निषेध केला, आणि अखेर ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते ते राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाले. स्वातंत्र्यानंतर ३२ व्या वर्षी! ज्यांनी शिक्षा भोगली, त्यांनाच आपल्या शिक्षेची साक्ष वाचविण्यासाठी पुन्हा झगडावे लागले, याहून मोठी शोकांतिका कोणती?

विटा हातोड्याने फुटतात. स्मृती फलक उतरवून पुसली जाते. राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना सेल्युलर जेलजवळ स्वातंत्र्यज्योतीची योजना झाली आणि तेथे क्रांतिकारकांची वचने कोरण्यात आली. केंद्रात सत्तांतर झाले आणि ऑगस्ट २००४ मध्ये मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना स्वा. सावरकरांच्या वचनाचा फलक तेथून हटविला गेला. त्या जागी महात्मा गांधींचे वचन आले. संसदेत आणि महाराष्ट्रात संताप उसळला. पुढे रालोआ सरकारच्या काळात सावरकरांचा फलक पुन्हा लागला. गांधीजींच्या वचनाला कुणाचाच विरोध असण्याचे कारण नव्हते. आक्षेप होता तो एका महापुरुषाचा दुसऱ्याला पुसण्यासाठी बोळ्यासारखा वापर करण्याला. मे १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त सावरकर बंधूंच्या सुटकेसाठी स्वत: गांधीजींनी लेखणी उचलली होती, हे ज्यांना ठाऊक नाही किंवा ठाऊक असूनही सांगायचे नाही, त्यांनीच गांधीजींच्या नावाने हा उद्योग केला.

हीच मंडळी आज ‘माफी’ हा एकच शब्द घोकत असतात. सावरकरांनी अर्ज केले होते काय? होय, केले होते. १९११ पासून १९२० पर्यंत अनेकदा केले. ते कुणा संशोधकाने तळघरातून शोधून काढलेले गुपित नाही. सावरकरांनी स्वत: आपल्या आत्मकथनात अर्जांचा विषय लिहून ठेवला आहे. त्या अर्जांतील भाषेवर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. परंतु वाद घालताना पुढचा हिशेबही मांडावा. १९१९ च्या राजघोषणेनंतर बारींद्रकुमार घोष आणि हेमचंद्र दास यांच्यासारखे क्रांतिकारक सुटले. सावरकर बंधू सुटले नाहीत. १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून हलविले ते भारतातल्या तुरुंगात. १९२४ मध्ये तात्याराव तुरुंगाबाहेर आले ते रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, आणि ती उठली १९३७ मध्ये. १९१० मध्ये लंडनला अटक झाली तेव्हापासून मोजले तर २७ वर्षे! थोरले बंधू बाबाराव यांचा अपराध तर काय होता? त्यांनी काही कविता प्रसिद्ध केल्या, एवढ्यासाठी १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. वातानुकूलित सभागृहात बसून या दोन भावांचे धैर्य मोजणाऱ्यांनी त्या साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद कोठडीत एक रात्र तरी दार बंद करून काढावी.

येथे आपल्याच लोकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. सेल्युलर जेल म्हणजे केवळ सावरकरांची कोठडी नव्हे. मराठी पर्यटक जिना चढून त्या कोठडीला नमस्कार करतो, छायाचित्र काढतो आणि उतरतो. ते योग्यच आहे. पण मनोऱ्यातील शिलालेखांवरची नावे वाचायला त्याला वेळ नसतो. त्या नावांत बंगाल आहे, पंजाब आहे. तेथे गदरचे वीर आहेत, भाई परमानंद आहेत. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना प्राण गेलेले महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नामदास आहेत. त्या काळच्या अनेक बंदिवानांनी पुढे साम्यवादाची वाट धरली. त्यांचा आणि आपला मार्ग वेगळा. परंतु कोठडीचे दार लागताना त्यांच्या ओठांवर भारतमातेचेच नाव होते. ज्यांनी सावरकरांचा फलक उतरविला त्यांच्यासारखे वागणे आपल्याला शोभणार नाही. डॉ. हेडगेवार कोलकात्यात वैद्यकीचे शिक्षण घेताना ज्या अनुशीलन समितीच्या सहवासात आले, त्याच समितीचे पुलिनबिहारी दास आणि त्रैलोक्यनाथ चक्रवर्ती अंदमानात होते, हे किती स्वयंसेवकांना ठाऊक आहे?

आणि अंदमान तर दूर राहिले! वर्धा मार्गावरून रोज ये-जा करणाऱ्या नागपूरकराने अजनीच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीकडे कधी त्या नजरेने पाहिले आहे काय? राजद्रोहाच्या खटल्यात एक वर्षाची सक्तमजुरी झालेले डॉ. हेडगेवार १९२१ च्या ऑगस्टपासून १२ जुलै १९२२ पर्यंत याच भिंतीआड होते. १९४२ च्या आंदोलनात पकडला गेलेला नागपूरचा कोवळा तरुण शंकर महाले १९४३ मध्ये याच कारागृहात फासावर चढला. हजार मैल समुद्र ओलांडून आपण अश्रू ढाळून येतो आणि घरापासून चार मैलांवरच्या वधस्तंभाचे नावही मुलांना सांगत नाही. या विसंगतीला काय म्हणावे?

महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२१ रोजी येरवड्यात ‘तुरुंग पर्यटन’ सुरू केले. कल्पना स्तुत्य आहे; चापेकर बंधू जिथे फासावर गेले ती भूमी विद्यार्थ्यांनी पाहिलीच पाहिजे. नागपुरातही सुरक्षेचे सारे नियम पाळून शाळकरी मुलांसाठी वर्षातून एक दिवस असा का असू नये? त्यासाठी कोट्यवधींचे रंगीत दिवे नकोत. एक जाणकार शिक्षक, नावांची आणि तारखांची अचूक यादी आणि दोन मिनिटांचे मौन पुरे. ही मागणी शासनाकडे करण्याआधी मात्र घरातले काम घरात केले पाहिजे. अंदमानची तिकिटे काढाल त्याच दिवशी ‘माझी जन्मठेप’ घरात मोठ्याने वाचायला घ्या. रोज दहा पाने झाली तरी पुरे. श्रीविजयपुरम्‌ला उतराल तेव्हा सायंकाळच्या कार्यक्रमाआधी दिवसाउजेडी कारागृहात जा, मुलाला एका कोठडीत उभे करा आणि पाच मिनिटे कुणी काही बोलू नका. मनोऱ्यावरील पाच अपरिचित नावे त्याच्याकडून वहीत उतरवून घ्या. जिथे दोन चाळी होत्या आणि आता नाहीत, ती जागाही त्याला दाखवा आणि त्या कुणी पाडल्या ते न संकोचता सांगा.

त्यानंतर पिंपळाची कहाणी अवश्य ऐकावी. ती ऐकून डोळ्यांत आलेले पाणी मग मुलाच्या वहीतल्या त्या पाच नावांसाठी असेल, आणि वही मिटली तरी ती नावे त्याच्याजवळ राहतील.