अपुऱ्या शब्दांवरचा भरवसा

गॉर्डन हॉल यांच्या मृत्यूला यंदा २० मार्चला २०० वर्षे झाली. १८१३ च्या फेब्रुवारीत सॅम्युएल नॉट यांच्यासह हा अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरला, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघाले होते. ते संकट टळले आणि मराठी शिकणे सुरू झाले. पुढे बाजारात, रस्त्यांवर, देवळांच्या आसपास उभे राहून हॉल परक्या उच्चारांच्या मराठीत ख्रिस्त सांगत राहिले. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक बोटांवर मोजण्याइतकेच. १८२६ मध्ये ते नाशिकला गेले, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्यांनी रुग्णांना वाटले आणि परतीच्या वाटेवर, एका देवळाच्या ओसरीत, त्याच रोगाने ते गेले. वय ४१. त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.

याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे तिथेच राबले आणि त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. टिळकांच्या हाती नवा करार ठेवला तो रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी प्रवाशाने! हॉल यांच्या कोणत्या उपदेशाने कुठे काय घडले, हे कुणालाच दाखवता येणार नाही. तो हिशेब देवाकडे आहे, आणि तो तिथेच असावा असे आम्हाला मनापासून वाटते.

रविवारी वेदीवरून उतरताना कितीतरी पाळकांचे चेहरे पडलेले असतात. मुद्दा सुटला, वचन नीट उलगडले नाही, मागच्या बाकावरची मुले पेंगली. अशा पाळकांना पौलाची आठवण द्यावीशी वाटते. करिंथात आपण अशक्तपणे, भीत भीत, कापत आलो होतो, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अर्थात देवावरचा भरवसा म्हणजे तयारीला सुट्टी नव्हे. हॉल यांनी मराठीवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली. मेहनत माणसाची, पण मन वळवणे पवित्र आत्म्याचे.

मंडळीचेही यात काम आहे. मोबाइलवरच्या नामांकित वक्त्यांशी आपल्या पाळकाची तुलना थांबवा. येत्या शनिवारी रात्री घरच्या प्रार्थनेत त्यांचे नाव घ्या. उपासना संपल्यावर त्यांना गाठून त्या दिवशीच्या वचनाबद्दल एखादा प्रश्न विचारा.