साक्षीदार खरा, म्हणून साक्ष खरी?

(द्वितीय वर्ष, कला)

कॅथलिक आणि मॉर्मन यांचा वाद आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आपल्यापैकी मॉर्मन माणूस प्रत्यक्ष पाहिलेला क्वचितच कुणी असेल. परंतु तत्त्वज्ञानाच्या तासाला 'शब्दप्रमाण' शिकत असताना ग्रंथालयात हा वाद माझ्या हाती लागला आणि वाचता वाचता तो मला परका वाटेना. एखादा प्रामाणिक माणूस 'मी हे या डोळ्यांनी पाहिले' असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावे, असा त्या वादाचा गाभा आहे. आणि हा प्रश्न आमच्या घरात रोज उभा असतो.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. जोसेफ स्मिथ हा अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. मोरोनी नावाच्या देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांचा ठाव दाखविला, १८२७ साली ते पत्रे आपल्या हाती आले आणि ईश्वरी साहाय्याने आपण त्यांवरील लेखाचा अनुवाद केला, असे तो सांगे. मार्च १८३० मध्ये पाल्मायरा गावच्या छापखान्यातून 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ बाहेर पडला. पाच हजार प्रती. छपाईच्या खर्चापायी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. (जमीन गहाण पडणे म्हणजे काय हे ज्यांच्या घराला ठाऊक आहे ते हॅरिसची थट्टा सहजासहजी करणार नाहीत.) ते पत्रे आज दाखवा म्हटले तर दाखविता येत नाहीत, ते देवदूताला परत दिले असे सांगतात. म्हणजे वस्तू नाही. उरली आहे ती माणसांची साक्ष.

साक्षीदार अकरा. पैकी ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस या तिघांनी १८२९ साली सांगितले की देवदूताने आम्हांस पत्रे दाखविले आणि ईश्वराची वाणी आमच्या कानी आली. उरलेल्या आठांच्या साक्षीत देवदूत नाही, वाणी नाही. जोसेफने पत्रे दाखविले, आम्ही ते हातात घेऊन पाहिले, एवढेच. दोन्ही निवेदने त्या ग्रंथासोबत आजतागायत छापली जातात.

यावर कॅथलिक टीकाकार काय म्हणतात? पहिला आक्षेप नात्यागोत्याचा. आठांपैकी तिघे स्मिथच्या घरचे, चौघे व्हिटमर बंधू आणि पाचवा त्यांचा मेव्हणा. तिघांपैकी एक व्हिटमर, तर काउडरीही पुढे त्याच घरचा जावई झाला. मार्क ट्वेनने १८७२ च्या 'रफिंग इट' या प्रवासवर्णनात या व्हिटमर घराण्यावरून यथेच्छ टवाळी केली आहे. मला हा आक्षेप फारसा वजनदार वाटत नाही. खेड्यात चमत्कार झाला तर साक्षीला भावकीच येणार. दुसरे कोण शेजारी असते?

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. अकरा माणसांनी अकरा जबान्या दिलेल्या नाहीत. दोन तयार मजकूर आहेत आणि त्यांखाली नावे आहेत. प्रत्येकाने आपल्या शब्दांत काय सांगितले असते? पत्रे केवढे होते, उजेड कुठून पडला होता, कोण आधी बोलले? हॅरिसच्या बाबतीत तर खुद्द स्मिथच्याच वृत्तांतात असे आहे की तो आधी बाजूला निघून गेला आणि इतरांना दर्शन झाल्यावर त्याला वेगळे दर्शन झाले. शिवाय १८३८ सालच्या एका पत्रात, हॅरिसने पत्रे चर्मचक्षूंनी नव्हे तर केवळ दिव्यदृष्टीत पाहिल्याचे कबूल केले, असे पत्रलेखक म्हणतो. छापील निवेदनात यातले काही दिसत नाही. तेथे सर्व एका सुरात बोलतात.

येथे मला आमचे आबा आठवतात. आमच्या गावी विहिरीवरची मोटार चोरीस गेली होती आणि ती सापडली त्या वेळी आबा तेथे हजर होते. पंचनाम्यावर त्यांचा अंगठा घेतला. आबांना वाचता येत नाही. पुढे तालुक्याच्या कोर्टात वकिलाने विचारले, "यात काय लिहिले आहे ते सांगा." आबांनी मोटार पाहिली होती हे सूर्यप्रकाशाइतके खरे, पण कागदावरचे शब्द दुसऱ्याचे होते. उलटतपासणीत ते गडबडले, आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. खोटारडा ठरविले गेल्याचे दुःख त्यांना झाले होते. वास्तविक तेथे आबांचा खरेपणा तपासला गेलाच नाही, तपासला गेला तो कागद. व्हिटमर आदी मंडळी आबांसारखी निरक्षर नव्हती, काउडरी तर शाळामास्तर होता. तरीही ते एकसुरी निवेदन वाचताना मला तो अंगठा दिसतो.

आता मॉर्मनांचे उत्तर ऐकू. ते म्हणतात, हे साक्षीदार लबाड असते तर पुढे फुटले असते. आणि फुटण्याची संधी त्यांना भरपूर होती. अकरांपैकी सहा जण पुढे पंथाबाहेर गेले किंवा घालविले गेले. हॅरिसला १८३७ साली आणि काउडरी व व्हिटमर यांना १८३८ साली बहिष्कृत केले. स्मिथशी वैर, पैशाचे भांडण, अब्रूचे वाभाडे, सर्व काही झाले. तरी 'आम्ही ते पाहिले नव्हते' असे जाहीरपणे त्यांपैकी एकानेही म्हटले नाही. काउडरी १८४८ साली परतला, हॅरिस १८७० साली. व्हिटमर कधीच परतला नाही, पण १८८८ साली मरेपर्यंत साक्ष सोडली नाही. आपल्याकडे साक्षीदार फितूर होण्याला किती थोडे कारण पुरते हे पाहिले म्हणजे या युक्तिवादाची ताकद कळते. हे लोक खोटे बोलत नव्हते असेच मला वाटते.

पण येथेच मॉर्मन बाजूची खरी अडचण सुरू होते, आणि ती कॅथलिकांनी नव्हे, त्यांच्याच साक्षीदाराने उभी केली आहे. डेव्हिड व्हिटमरने १८८७ साली सर्व श्रद्धावंतांना उद्देशून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माझी १८२९ ची साक्ष तुम्ही खरी मानता ना? मग १८३८ साली त्याच ईश्वराने प्रत्यक्ष वाणीने मला तुमच्यातून बाहेर पडण्यास सांगितले, हीही साक्ष माना. साक्षीदार तोच, वाणी त्याच देवाची. मॉर्मन चर्च पहिली साक्ष ग्रंथासोबत छापते आणि दुसरी मानत नाही. का मानत नाही? कारण ती चर्चच्या विरुद्ध जाते! म्हणजे साक्षीदारावरून चर्च खरे ठरत नसून चर्चवरून साक्षीदाराचे कोणते वाक्य खरे ते ठरते.

स्ट्रँगचेही उदाहरण घ्यावे. १८४४ साली कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ व हायरम या बंधूंना ठार मारल्यावर जेम्स स्ट्रँग याने आपण वारस असल्याचे सांगितले. १८४५ साली त्यानेही जमिनीतून पितळी पत्रे काढून दाखविले, चार साक्षीदारांसह. हॅरिस काही काळ त्याच्या बाजूनेही हिंडला. युटाच्या मॉर्मनांना हे चौघे चालत नाहीत.

एवढे वाचून कॅथलिक मित्र खूश होईल. त्याने घाई करू नये. फातिमाची गोष्ट घेऊ. १९१७ साली पोर्तुगालमधल्या दहा, नऊ आणि सात वर्षांच्या तीन गुराखी मुलांनी आपल्याला माता मरियेचे दर्शन होते असे सांगितले. स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना धरून नेले, धमकावले; मुलांनी शब्द फिरविला नाही. १३ ऑक्टोबरला हजारो लोकांसमोर सूर्य नाचला असे सांगतात. १९३० साली तेथील बिशपने हे दर्शन विश्वासास पात्र ठरविले. आता मॉर्मनांचा मापदंड लावा: संकटातही न फिरलेली साक्ष. मुले उत्तीर्ण. मग मॉर्मन ती मानतात काय? नाही. आणि कॅथलिकांचा मापदंड मॉर्मन साक्षीदारांना लावताना कॅथलिक जेवढे कठोर होतात, तेवढे फातिमाच्या बाबतीत होतात काय?

येथे एक गोष्ट कॅथलिकांच्या पदरात टाकलीच पाहिजे. त्यांच्याकडे तपासणीची जुनी शिस्त आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी १५५६ साली पोर्तुगालच्या राजाने जबान्या गोळा करण्याचा हुकूम सोडला आणि आपल्या गोव्यात साक्षीदार तपासले गेले. संतपद मिळाले ते १६२२ साली. १५८७ पासून तर संतपदाच्या प्रत्येक प्रकरणात विरोधी बाजू मांडणारा अधिकारीच नेमला जाई. १९८३ च्या सुधारणेत त्याचे काम बरेच कमी झाले. फातिमा मानलेच पाहिजे अशी सक्ती कॅथलिक चर्च करीत नाही, हेही खरे. परंतु ही सारी शिस्त कळसाला लागू आहे, पायाला नाही. पाया म्हणजे येशूचे पुनरुत्थान. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी दर्शन झाल्याचा उल्लेख येतो. त्या पाचशेंची नावे नाहीत, गाव नाही, त्यांची जबानी नाही. अकरा मॉर्मन निदान नावानिशी सापडतात! मी पुनरुत्थान झाले नाही असे म्हणत नाही. साक्षीच्या तराजूत ते तोलायचे ठरविले तर तराजू एकच ठेवावा, एवढेच म्हणते.

आणि मनातून दोघांनाही हा तराजू नकोच आहे. ईश्वरी प्रकटीकरण प्रेषितांच्या काळाबरोबर पूर्ण झाले, असे कॅथलिक मानतात. तेव्हा साक्षीदार अकरा असोत की अकराशे, नवा धर्मग्रंथ येणे शक्यच नाही. प्रेषितांनंतर खरा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला, असे मॉर्मन मानतात. तेव्हा मधल्या शतकांतले कॅथलिक साक्षीदार आपोआप बाद. मॉर्मन शेवटी सांगतात की ग्रंथ वाचून प्रार्थना कर, तुझे अंतःकरणच साक्ष देईल. पण कॅथलिक भक्ताचे अंतःकरणही साक्ष देतेच की! दोन अंतःकरणांत निवाडा कुणी करावा?

हौतात्म्याचेही तसेच. 'मार्टर' या शब्दाचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच साक्षीदार. (आपल्या 'हुतात्मा' शब्दात आहुती आहे, साक्ष नाही.) मरणाऱ्याची श्रद्धा खरी होती हे मरणाने सिद्ध होते, श्रद्धेचा विषय सिद्ध होत नाही.

आपल्या न्यायदर्शनात या गुंत्याचा फार सूक्ष्म विचार आहे. आप्त म्हणजे ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे कळले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. दोन्ही पक्षांच्या पंडितांना हे ऐकवावेसे वाटते. पुढे न्यायशास्त्र दृष्ट विषयाचे शब्द आणि अदृष्ट विषयाचे शब्द असे दोन प्रकार करते. मात्र आयुर्वेदासारख्या दृष्ट विषयात आप्त खरा ठरला म्हणून अदृष्टातही तो प्रमाण, असे जे नैयायिक पुढे म्हणतात, ते मला पटत नाही. मॉर्मनही नेमकी तीच उडी मारतात: पत्र्यांबद्दल माणूस खरा, म्हणून चर्च खरे. डोळ्यांना दिसले ते सांगण्यात माणूस आप्त असू शकतो. दिसले त्याचा अर्थ काय, हे सांगताना तो आपल्याइतकाच चाचपडत असतो.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा आमच्या आजीने स्वतः चमचा धरला होता. माझा जन्मही झाला नव्हता. दर गणेशोत्सवात ती हे सांगते. पृष्ठताण वगैरे शाळेत शिकून आल्यावर मी तिला समजावू लागले, तर ती म्हणाली, "म्हंजी मी खोटं बोलते व्हय गं? चमचा रिकामा झाल्याला बघितलाय म्या." चमचा रिकामा झाला होताच. आजी आप्त आहे. तिने पाहिले ते मी मानते. गणपती प्यायला हे मानत नाही. पण हा फरक तिच्यापर्यंत पोचविणे मला आजही साधत नाही. तिच्या कानी एवढेच पडते की नात शिकली आणि आजीला खोटी म्हणू लागली. आपल्यापैकी जे घरातले पहिलेच शिकणारे आहेत त्यांना हा अनुभव असेल. कॅथलिक आणि मॉर्मन पंडितांच्या वादात मला हेच दिसते: 'तुझा साक्षीदार चुकला असेल' हे वाक्य ऐकणाऱ्याला 'तुझा साक्षीदार लबाड' असेच ऐकू येते, आणि मग त्याच्या चारित्र्याच्या बचावात पाने भरतात.

डेव्हिड व्हिटमरने उतारवयात मिसुरीतल्या रिचमंड गावी भाड्याच्या घोडागाड्यांचा तबेला चालविला. दूरदूरचे लोक त्याच्याकडे येत आणि खरोखर पाहिलेस काय, असे विचारीत. तो प्रत्येकाला होय म्हणे. १८८१ साली कुणीतरी त्याने साक्ष नाकारल्याचे पसरविले तेव्हा गावच्या प्रतिष्ठितांनी, त्याच्या पंथाचे नसतानाही, हा माणूस सचोटीचा आहे असे लिहून सह्या दिल्या. ते त्याच्यासाठी खोटे बोलले नाहीत आणि मॉर्मनही झाले नाहीत. त्यांच्यापैकी कुणी त्याच्या तबेल्यात बसून त्याच्याशी काय बोलत असेल, हे कळते तर मला आजीशी बोलताना उपयोग झाला असता.