दुसरी चावी कोणाकडे?

काही वस्तू घरात येण्याच्या कितीतरी आधी त्यांची कीर्ती येऊन दारात उभी राहते. डोळ्यांवर बांधून दुसऱ्याच जगात नेणाऱ्या 'व्हर्च्युअल रिॲलिटी हेडसेट'ची कीर्ती अशी अर्धशतकाहून अधिक काळ दारात ताटकळली आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसवायचा संगणकीय पडदा तयार केला. तो इतका अवजड होता की छताला टांगावा लागे. त्या लोंबत्या सांगाड्याला 'डॅमोक्लिसची तलवार' असे नावच पडले. १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्या कंपनीने असे चष्मे आणि हातमोजे विकायला काढले. १९९५मध्ये निंटेंडोने 'व्हर्च्युअल बॉय' बाजारात आणला आणि वर्षभरात गुंडाळला. २०१२मध्ये पामर लकी या कोवळ्या तरुणाने लोकवर्गणीतून 'ऑक्युलस'चा घाट घातला; २०१४मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेतली. २०२४च्या फेब्रुवारीत ॲपलने आपला हेडसेट अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विकायला ठेवला. आपल्याकडे जिओने २०२३च्या आयपीएल हंगामात, आत मोबाइल बसवून क्रिकेट पाहण्यासाठी, १,२९९ रुपयांचे साधे उपकरण आणले होते.

या खेळात ओतलेला पैसा डोळे फिरवणारा आहे. फेसबुकने २०२१मध्ये आपले नावच 'मेटा' असे बदलले. हेडसेट आणि स्मार्ट चष्मे पाहणाऱ्या तिच्या विभागाचा २०२२ ते २०२४ या तीन वर्षांतला तोटा ४७ अब्ज डॉलरहून अधिक आहे. एखाद्या शाखेने असा ताळेबंद पाठवला असता तर मुख्य कचेरीतून तारांवर तारा आल्या असत्या!

एवढे होऊनही हे यंत्र टीव्ही किंवा मोबाइलसारखे घरोघरी का गेले नाही? किंमत जास्त, वजन जास्त, पाहण्यासारखे कमी, ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत. पण माझ्या मते खरे उत्तर खोके उघडल्यापासून पहिले चित्र दिसेपर्यंतच्या वेळात दडलेले आहे. त्या वेळात हे यंत्र आपल्याकडे काय काय मागते आणि आपण काय काय देऊन बसतो, हे नीट पाहण्यासारखे आहे.

आधी चमत्कार

न्यायाने आधी चांगले सांगितले पाहिजे. आमच्या नात्यातल्या एकाने परदेशातून आणलेला असा हेडसेट काही दिवस आमच्या घरी होता. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. चित्र सुरू झाले तेव्हा मी समुद्राच्या तळाशी उभा होतो आणि बाजूने एक देवमासा संथपणे निघाला होता. त्याचा डोळा माझ्या डोळ्यासमोर आला तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे सरलो. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर आकडे तपासत आलेल्या माणसाला असे मागे सरायला लावणे ही काही साधी करामत नव्हे.

तिच्यामागचे तत्त्व मात्र जुने आहे. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८मध्येच दाखवून दिले होते. नवे आहे ते असे की आपण मान वळवली की चित्रही त्याच क्षणी वळते. त्यासाठी यंत्राला आपल्या मानेची, हातांची आणि पावलांची हालचाल सेकंदात अनेक वेळा मोजावी लागते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

मग कसरत

त्या देवमाशापर्यंत पोचायला आम्हाला रविवारची अख्खी सकाळ लागली. हेडसेटने आधी मोबाइल मागितला. मोबाइलवर कंपनीचे ॲप, ॲपला ईमेल, ईमेलवर संकेतांक, मग जन्मतारीख. वाय-फाय जोडल्यावर यंत्राने स्वतःची सुधारित आवृत्ती उतरवायला घेतली आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर सारे पुन्हा पहिल्यापासून. पुढे पैसे भरण्याचा मार्ग विचारला गेला, तर आमचे कार्ड एका देशाचे आणि यंत्र दुसऱ्या देशाचे, म्हणून तेही अडले. घरातली मंडळी एव्हाना चहा पिऊन आपापल्या कामाला लागली होती.

मग डोळे. दोन बाहुल्यांमधले अंतर माणसागणिक वेगळे असते. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास भरते. भिंगे त्या अंतरावर बसली नाहीत तर सगळे धूसर दिसते आणि कपाळ ठणकते. २०२०मधल्या 'क्वेस्ट २'मध्ये त्यासाठी ५८, ६३ आणि ६८ अशी तीनच मापे होती. म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानासारखे: लहान, मध्यम, मोठे, त्यात बसा! चष्मेवाल्यांची वेगळीच पंचाईत. ॲपलच्या हेडसेटमध्ये तर चष्मा घालताच येत नाही. नंबरची भिंगे वेगळे पैसे देऊन घ्यावी लागतात.

डोळे जुळले तरी पोटात ढवळण्याची शक्यता उरतेच. डोळा सांगतो आपण चाललो आहोत, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण उभे आहोत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की शरीर तक्रार नोंदवते. घाटात एसटी लागणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

शेवटी जागा. उभे राहून हालचाल करायची तर साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढी मोकळी जमीन हवी. गिरगावातल्या चाळीतल्या खोलीत किंवा डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये ती शोधून दाखवावी! सोफा-कम-बेड, टीपॉय, चपलांचे कपाट आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड यांच्यामधून जे उरते त्यात माणूस फार तर नमस्कार घालू शकतो. तरीही यंत्र आपल्या कॅमेऱ्यांनी खोली न्याहाळते, जमीन ठरवते, नवी यंत्रे तर भिंती आणि फर्निचरही ओळखतात. तुम्ही भिंतीवर आपटू नये म्हणून हे आवश्यकच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या घराचा आराखडा एका परक्या यंत्राने टिपलेला असतो.

लॉकर आणि हेडसेट

बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात. एक ग्राहकाची, एक बँकेची. अधिकारी आपली चावी फिरवतो, ग्राहक आपली फिरवतो, दार उघडते आणि अधिकारी तिथून निघून जातो. आत दागिने आहेत की जुनी पत्रे, हे पाहायला तो थांबत नाही. शिवाय लॉकर भाड्याचा असतो, हे दोघांनाही ठाऊक असते.

हेडसेट आपण भाड्याने घेत नाही. पुरते पैसे मोजून विकत घेतो. तरीही दुसरी चावी कंपनीकडेच राहते. तिचे खाते उघडल्याशिवाय यंत्र चालत नाही आणि दार उघडल्यावर अधिकारी निघून जाईल याचीही खात्री नसते.

या दुसऱ्या चावीचे दोन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. ७ मार्च २०१८ रोजी जगभरातले 'ऑक्युलस रिफ्ट' हेडसेट एकाएकी बंद पडले. यंत्रांत कोणताही बिघाड नव्हता. हे सॉफ्टवेअर आमचेच आहे, अशी ग्वाही देणाऱ्या कंपनीच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ते वेळेवर बदलायचे राहून गेले होते. तारीख उलटलेल्या चेकला आम्ही 'शिळा चेक' म्हणत असू. इथे चेक शिळा झाला कंपनीचा आणि उपाशी राहिले ग्राहक. कंपनीने दुरुस्ती केली आणि भरपाई म्हणून आपल्याच दुकानात खर्च करण्यासाठी १५ डॉलरची जमा दिली.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. ऑक्युलस विकली गेली तेव्हा, २०१४मध्ये, यासाठी फेसबुकचे खाते लागणार नाही असे लकी यांनी ग्राहकांना सांगितले होते. २०१७मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. ऑक्टोबर २०२०पासून नव्या ग्राहकांना फेसबुक खाते सक्तीचे झाले. ज्यांचे फेसबुक खाते काही कारणाने बंद केले गेले, त्यांचा विकत घेतलेला हेडसेटही अडकून पडला. वर्तमानपत्र बंद केले म्हणून नळाचे पाणी तोडावे, तसलाच हा प्रकार. जर्मनीत या सक्तीवर हरकत आली. सप्टेंबर २०२०मध्येच तिथली विक्री थांबली होती आणि डिसेंबरमध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी सुरू केली. ऑगस्ट २०२२मध्ये कंपनीने फेसबुकपासून वेगळे 'मेटा खाते' आणले आणि त्यानंतर जर्मनीतली विक्री पुन्हा सुरू झाली. सरकारी यंत्रणेने ठाम विचारणा केली तर बलाढ्य कंपनीलाही नमते घ्यावे लागते, हा त्यातला धडा. पण खाते मात्र आजही लागतेच. फक्त त्याचे नाव बदलले.

हालचालीची सही

आता मघाच्या त्या वाक्याकडे वळू. यंत्राला आपली प्रत्येक हालचाल मोजावी लागते.

बँकेत सहीचे नमुने जपून ठेवलेले असत. खोटी सही ओळखताना अक्षरांच्या आकारापेक्षा हाताची ओघवती गती पाहावी, असे जुने अधिकारी शिकवत. नक्कल करणारा आकार उचलतो, गती त्याला उचलता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०२३मध्ये नेमकी हीच गोष्ट हेडसेटबाबत दाखवून दिली. 'बीट सेबर' या खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या फक्त डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली त्यांनी तपासल्या. अवघ्या १०० सेकंदांच्या नोंदीवरून खेळाडू कोण, हे ९४ टक्क्यांहून अधिक अचूकपणे ओळखता आले. ना नाव, ना चेहरा, ना आवाज.

म्हणजे मान कशी वळते आणि हात कसा उचलला जातो, हीच आपली सही आहे. पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करता येते, घरही बदलता येते. हात उचलण्याची लकब कशी बदलणार? आणि ही सही आपण 'मान्य आहे' या एका बटणावर, पानोपानींचा इंग्रजी मजकूर न वाचता, देऊन मोकळे होतो.

कायदा मराठीतही बोलतो

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक घराने जाणून घ्याव्यात. पहिली, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे. दुसरी, १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्याला किंवा त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करण्याला मनाई आहे.

कागदावर हे उत्तम आहे. पण हेडसेट हा मुख्यतः घरातल्या पोरांच्या हाती जाणारा जिन्नस. मेटाने २०२३मध्ये वयाची अट १३वरून १०वर आणली, अर्थात पालकांनी सांभाळायच्या खात्यासह. टीव्हीपुढे मूल बसले तर आई स्वयंपाकघरातून डोकावून काय चालले आहे ते पाहू शकते. हेडसेटमध्ये मूल काय पाहते आहे, कोणाशी बोलते आहे, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतरच्या काळात एका टीव्हीपुढे अर्धी चाळ बसत असे. इथे एका घरातली चार माणसेही एकत्र बसू शकत नाहीत. दृश्य मोबाइलवर किंवा टीव्हीवर उमटवण्याची सोय बहुतेक हेडसेटमध्ये असते; घरात मुले असतील तर ती सोय चैन न समजता नियम समजावा.

याचा अर्थ यंत्र वाईट आहे असा नाही. शल्यविशारदांना सराव देण्यासाठी, वैमानिकांच्या शिक्षणासाठी त्याचा उपयोग होतो आहे. गुडघ्यांमुळे जिना उतरू न शकणाऱ्या आजीला त्यातून डोंगरमाथा दिसणार असेल, तर त्या आनंदाची किंमत मी कमी लेखणार नाही. प्रश्न व्यवहाराच्या अटींचा आहे. ग्राहकाने पैसे मोजले, वस्तू घरी आली. मग ती चालवण्याची परवानगी रोज दुसऱ्याकडून का घ्यायची? कंपनीने उद्या दुकान गुंडाळले तर वस्तूचे काय? खोलीचा आराखडा आणि हालचालींची नोंद यंत्रातच राहते की बाहेर जाते, आणि जात असेल तर किती काळ ठेवली जाते? दुकानदाराला, कंपनीला आणि सरकारला हे प्रश्न आपण विकत घेण्याआधी विचारले पाहिजेत. खोके उघडल्यानंतर, घरातली सगळी मंडळी भोवती जमलेली असताना, 'मान्य नाही' म्हणायला फार थोड्यांना जमते.