जाहिरात पेडण्याची, खातं परराज्यातलं

‘हरमल’, ‘मोरजी’, ‘मोपा विमानतळाजवळ’, ‘डिचोली बाजार’. मोबाईलवर ‘एस्कॉर्ट सर्व्हिस’ शोधणाऱ्यापुढे अशा गावांच्या नावांनी जाहिरातींची रांग लागते. गावाचं नाव तेवढं बदलतं, फोटो आणि मजकूर बहुतेकदा तोच. डिचोलीची म्हणून दाखवलेली मुलगी सावंतवाडीच्या पानावर असते आणि बेळगावच्याही. जाहिरात टाकणाऱ्यानं पेडणे पाहिलेलंच असतं असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली आणि तालुक्याचं नाव देशभर पोचलं, त्याला तेवढं पुरतं.

पुढचा प्रकार ठरलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं, आधी थोडे ‘बुकिंग’चे पैसे. मग हॉटेलात शिरायचा पास, मग परत मिळणारं डिपॉझिट, मग ‘पेमेंट अडकलंय, तेवढीच रक्कम पुन्हा टाका, दोन्ही एकदम परत येतील’. मुलगी येत नाही, कारण ती कधी नव्हतीच. गिऱ्हाईक पैसे मागायला लागलं की दुसरा अंक सुरू. वर्दीतला फोटो लावलेल्या नंबरावरून ‘साहेबां’चा फोन येतो: तुमच्यावर केस आहे, घरी कळवू की इथंच मिटवायचं?

या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे फसलेल्याचं गप्प बसणं. ओटीपी देऊन फसलेला माणूस निदान चारचौघांत सांगतो. इथं सांगायचं कुणाला? तुये नाहीतर डिचोलीच्या वसाहतीत कामाला येणारा दोडामार्गचा पोरगा अर्धा पगार गेला तरी घरी ‘पाकीट हरवलं’ म्हणतो. दुसऱ्यांदा धमकी आली की उसने काढून भरतो.

ही भीती कायद्यापेक्षा मोठी आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचा मुख्य रोख कुंटणखाना चालवणारे, बायकांच्या कमाईवर जगणारे, मुली आणणारे यांच्यावर आहे. न आलेल्या बाईसाठी आगाऊ पैसे भरून बसलेला माणूस तक्रार करतो ती फसवणुकीची, आणि धमकी आली असेल तर खंडणीची. भारतीय न्याय संहितेत दोन्ही गुन्ह्यांना कलमं आहेत, शिवाय दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. ठाण्यात मात्र ‘तू तिकडे गेलासच कशाला?’ हाच पहिला प्रश्न आला, तर कलमं पुस्तकातच राहतात.

सरकारचं नेहमीचं उत्तर म्हणजे वेबसाइट बंद करणं. जून २०१६ मध्ये केंद्रानं अशा २४० साइट्स एका दमात ब्लॉक करायला सांगितल्या होत्या. बातमी छान झाली. पण साइटचं नाव पुन्हा घ्यायला चार पैसे आणि एक दुपार पुरते, त्यामुळे जाहिराती काही संपल्या नाहीत. त्यामानानं बँक खातं मिळवणं अवघड. पैसे शेवटी कुणाच्या तरी भाड्यानं घेतलेल्या खात्यातच उतरतात, आणि पकडायची जागा ती. १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर व्यवहाराचा क्रमांक लगेच दिला, तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम बँकेला रोखून धरता येते. दोन दिवस लाजेत गेले की पैसे चार खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात. चॅट पुसून टाकण्याची घाई तर अनेकांना होते. नंबर, यूपीआय आयडी, स्क्रीनशॉट हाच पुरावा असतो.

यात आणखी एक फसवली जाते, तिचा कुणी विचारच करत नाही. जाहिरातीतला फोटो बरेचदा कुणातरी मुलीच्या इन्स्टाग्रामवरून उचललेला असतो. तिनं एक रुपया गमावलेला नसतो, पण गावात नाव जातं. असा बनावट किंवा खासगी फोटो तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत काढायला लावणारी तरतूद २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आली, पण तक्रार त्या त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी लागते, हे किती घरांत ठाऊक आहे?

आणि खोट्याच्या या गर्दीत खरंही लपतं. गोव्यात बाहेरून आणलेल्या मुलींची सुटका हा जुना विषय; २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली, त्यानंतर धंदा विखुरला आणि पुढे मोबाईलवर गेला. शंभरात कुठली जाहिरात नुसती लुबाडणुकीची आणि कुठल्या मागं कोंडलेली मुलगी आहे, हे पोलिसांना ओळखायचं तर फसलेल्यांनी आणून दिलेले नंबरच कामाला येतात. खोटे नंबर बाजूला निघाले की उरलेल्यांकडे बघायला वेळ मिळतो.

राहता राहिली हद्द. पैसे पेडण्यात गेले, माणूस दोडामार्गचा, खातं बेळगावात किंवा आणखी लांब. तीन राज्यांची पोलीस ठाणी एकमेकांकडे बोट दाखवणार, हा सीमाभागाचा जुना अनुभव. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. म्हणजे दोडामार्गच्या माणसानं दोडामार्गच्याच ठाण्यात जावं. ‘गोव्यात जा’ असं उत्तर मिळालं तर हे कलम तोंडपाठ असलेलं बरं.