पाव किलोची लाज कशाला?

'एका महिन्यात दहा किलो वजन घटवा' अशी जाहिरात दिसली की माझ्यातला कारकून जागा होतो. वीसेक वर्षं सरकारी फायलींतले आकडे तपासण्यात गेली. कुणी मोठा आकडा सांगितला की आधी त्याचा हिशेब मागायची सवयच जडली आहे.

तर हिशेब असा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७ हजार. तीस दिवसांनी भागा, रोजच्या अडीच हजारांहून जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची गरज आहे सुमारे २१००. म्हणजे महिनाभर नुसतं पाणी पिऊन राहिलात तरी जमाखर्च जुळत नाही! पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो खरा, पण त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो. जेवण पूर्ववत झालं की तो परत वर येतो.

मग झेपणारं उद्दिष्ट कोणतं? आठवड्याला अर्धा किलो असं सर्रास सांगितलं जातं. त्यासाठी रोज साधारण ५५० कॅलरी कमी करायला हव्यात. पुरुषाला हे जमण्यासारखं आहे. पण माझा आक्षेप आहे तो सगळ्यांना एकच माप लावण्याला. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईची गरज सुमारे १६६० कॅलरी. वजन जास्त असेल तर आकडा थोडा वर जातो, एवढंच. त्यातून ५५० वजा केले तर उरतात ११००, आणि बाईने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली उतरू नये असा संकेत आहे. तिच्यासाठी आठवड्याला पाव किलो, म्हणजे रोज २७५ कॅलरी कमी, हेच प्रामाणिक उद्दिष्ट. नवऱ्याचा काटा दुप्पट वेगाने उतरला म्हणून तिने स्वतःच्या पानातलं शीत आणखी काढू नये. आपल्या घरांत नेमकं हेच होतं, नाही का?

आता हे कमी करायचं कुठून? त्यासाठी नुस्त्याशी फारकत घ्यायची गरज नाही. मासळी तर पोटाला आधार देणारी. दुपारचं वाटीभर शीत कमी केलं, की दोनेकशे कॅलरी वाचल्या. कार्यालयात दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ती सोडली की दीडशेच्या वर. तळलेल्या तुकड्यांऐवजी हुमणातले खाल्ले आणि पोटात जाणारं मोठा चमचाभर तेल वाचलं, की आणखी शंभरावर. पाचशेच्या जवळ आलोच की! ओल्या नारळाचा हात थोडा आखडता घेतला तर उरलेलंही भरून निघेल. बाईने यातलं निम्मं केलं तरी पुरे.

चतुर्थीत नेवऱ्या होणार, जत्रेत खाजें येणार. त्या चार दिवसांत काटा वर गेला म्हणून वही फाडू नका. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि निकाल महिन्याचा लावा. वजन उतरत गेलं की शरीराचा खर्चही घटतो. म्हणून चारपाच किलोंनंतर हिशेब नव्याने मांडावा लागतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आठवड्याला पाव किलो म्हणजे महिन्याला एक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाजारात पाव किलो सुंगटं मोजून घेताना आपण त्याला किरकोळ म्हणतो का? मग शरीरावरून उतरलेल्या पाव किलोची लाज कशाला?