चपळ बोटें व स्थिर मन

आमच्या शाळेंतील संगणकाच्या तासाला एक कौतुक नित्य पाहावयास मिळतें. शिक्षक 'आतां दुसरी खिडकी पुढें आणा' असें म्हणतात न म्हणतात, तोंच चिमुकल्या बोटांनीं 'आल्ट' ही कळ दाबून धरलेली असते, 'टॅब' या कळेवर टिचकी बसलेली असते, आणि लॅपटॉपच्या पडद्यावरील देखावा क्षणार्धांत पालटलेला असतो. आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना मात्र माउस सरकवीत बाण पडद्याच्या तळाशीं न्यावा लागतो. हें कौशल्य स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु तें केव्हां आपलें सेवक असतें व केव्हां आपणांस फसवितें, याविषयीं चार शब्द स्पष्टपणें सांगावे असें मनांत आहे. पालकांनींहि ते ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रथम या कलेचे गुण पाहूं. मेजावर जसे आपण कागद पसरतों, तशा पडद्यावर एकीवर एक खिडक्या असाव्या, ही कल्पना अमेरिकेंत पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत मूर्त स्वरूपास आली. पुढें १९८४ मध्यें 'मॅकिंटॉश' हा संगणक निघाला व ती सामान्य जनांच्या परिचयाची होऊं लागली. मायक्रोसॉफ्टची 'विंडोज' ही प्रणाली १९८५ मध्यें प्रथम आली, तेव्हां तिच्यांतील खिडक्या शेजारीं शेजारींच मांडाव्या लागत. एकीवर एक ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तींत झाली. आतां, खिडक्या एकमेकींआड दडूं लागल्या म्हणजे त्यांस झटकन पुढें बोलावण्याची युक्तिहि हवीच. विंडोजवर ती 'आल्ट' व 'टॅब' या कळांची, तर मॅकवर 'कमांड' व 'टॅब' यांची. या युक्तींतील खुबी अशी कीं, आपण नुकतेच जेथून आलों तें स्थळ संगणक ध्यानांत ठेवतो. एक टिचकी मारली कीं तेथेंच परत. 'आल्ट' न सोडतां दोनदां मारली कीं त्याच्याहि आधींची खिडकी. 'शिफ्ट' जोडली कीं उलट क्रम. निबंध लिहितां लिहितां शब्दकोश पाहणें, उदाहरण सोडवितां सोडवितां आकृति न्याहाळणें, यांस याहून सोपा मार्ग नाहीं.

परंतु यंत्र जितक्या लवकर पालटतें, तितक्या लवकर मन पालटत नाहीं. आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२७ मध्येंच याचें मोजमाप केलें होतें. एकाच प्रकारचीं उदाहरणें ओळीनें करण्यापेक्षां दोन प्रकारचीं आळीपाळीनें करण्यास लोकांना अधिक वेळ लागतो, असें त्यास आढळलें. रॉजर्स व मॉन्सेल या संशोधकांनीं १९९५ मध्यें याच्याहि पुढें जाऊन दाखविलें कीं, पालट केव्हां होणार हें आधीं ठाऊक असलें व तयारीस अवसर मिळाला, तरी थोडा विलंब शिल्लक राहतोच. आणि २००९ मध्यें सोफी लेरॉय या विदुषीनें असें प्रतिपादन केलें कीं, अर्धवट टाकलेल्या कामाचा कांहीं अवशेष मनांत रेंगाळतो व त्यामुळें हातीं घेतलेलें दुसरें काम बिघडतें. जेवतां जेवतां उठून खरकट्या हातानें वही धरली तर डाग पडावयाचाच. तसेंच हें आहे.

यावर कोणी म्हणेल, 'आमच्याकडे अष्टावधानी पुरुष होऊन गेले, त्यांचें काय?' उत्तर त्या शब्दांतच आहे. अष्टावधानी मनुष्य आठ ठिकाणीं भटकत नाहीं. अनेक प्रश्न तो दीर्घ अभ्यासानें एकाच मनांत धरून ठेवतो. त्याची थोरवी अवधानांत आहे, धांवपळींत नाहीं. आमच्या मुलांचें तसें नसतें. इतिहासाचा धडा, मित्राचा निरोप, क्रिकेटचा धांवफलक व एखादें गाणें, अशा चार खिडक्यांतून बोटें फिरत असतात, आणि तासाभरानें पाहावें तों 'एक ना धड, भाराभर चिंध्या'! म्हणून खिडक्या किती आहेत हें विचारूं नये. त्या सर्व एकाच कामाच्या आहेत काय, एवढेंच विचारावें. एका कामाच्या दहा असल्या तरी हरकत नाहीं. निरनिराळ्या कामांच्या दोनहि जड होतात.

याहून नाजूक गोष्ट पुढेंच आहे. गेल्या दिवाळींत आम्ही भगिनीच्या घरीं गेलों होतों. नववींतील भाचा लॅपटॉप घेऊन बसला होता व आम्ही मागें वर्तमानपत्र वाचीत होतों. इतक्यांत जिन्यावर त्याच्या वडिलांचीं पावलें वाजलीं. मुलाचीं बोटें वीज चमकावी तशीं हाललीं आणि पडद्यावर पायथागोरसचा सिद्धांत अवतरला. वडिलांनीं दारांतून पाहिलें, नुसतें 'हं' म्हटलें व ते निघून गेले. ते कांहीं फसले नव्हते. चोराच्या मनांतलें चांदणें तोंडावर पडल्यावांचून राहत नाहीं. आम्हीं विचारलें, "काय रे, काय लपविलेंस?" तो मान खालीं घालून म्हणाला, "मामा, वाईट कांहीं नव्हतें. अभ्यास झाला होता. बुद्धिबळाचा एक डाव पाहत होतों. पण बाबांना समजावून सांगण्यापेक्षां दोन कळा दाबणें सोपें वाटतें."

हें उत्तर ऐकून आम्हांस फार वाईट वाटलें. बुद्धिबळ पाहणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु निरपराध गोष्टहि दडविण्याची बोटांना संवय जडली कीं, पुढें खरोखर दडविण्याजोगी गोष्ट आली असतां तीं बोटें मनाला विचारीत नाहींत. शिवाय त्या सिद्धांताआड वडिलांना आपला खरा मुलगा दिसेनासा होतो, हें नुकसान तर गुणपत्रिकेंतहि नोंदलें जात नाहीं.

म्हणून मुलांनो, अभ्यासास बसतांना त्या कामाच्या नसलेल्या खिडक्या आधीं मिटा. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणें भागच असेल, तर कोठें थांबलों तें एका ओळींत लिहून ठेवा. आणि जिन्यावर पावलें वाजलीं तर बोटें उचलून मांडीवर ठेवा; जें पडद्यावर आहे तें तसेंच असूं द्या. जी खिडकी आईवडिलांना दाखवितां येत नाहीं, ती मुळांत उघडावी कीं नाहीं, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

पालकांसहि एक सांगणें आहे. मुलाच्या खोलींत पहारेकऱ्यासारखे शिरूं नका. खुर्ची ओढून शेजारीं बसा आणि म्हणा, "काय पाहतोस? मलाहि दाखव." तो जें दाखवील त्यावर लगेच निकाल देऊं नका. आणि मूल शाळेंतील हकीकत सांगत असतां आपला आंगठा मोबाइलवर फिरत असेल, तर तोहि खिडक्यांचाच पालट आहे, हें विसरूं नका. मुलें तो आपल्याकडूनच शिकतात.

त्या रात्रीं आमच्या आग्रहावरून भाच्यानें तोच डाव वडिलांना दाखविला. घोड्याची एक खेळी साफ चुकली असें वडिलांचें मत पडलें. मुलास तें मान्य नव्हतें. जेवणाची हांक दोनदां आली तरी वाद मिटेना. तेवढा वेळ त्या दोन कळा कोणासहि आठवल्या नाहींत.