पोटावरच्या पिशवीलाही वेळ लावता येते

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहणारे एक शेतकरी मध्यंतरी माझ्याकडे आले. गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेले. पोटाच्या डाव्या बाजूला कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड बाहेर काढून त्यावर पिशवी लावलेली. जखम उत्तम भरली होती. तक्रार अशक्तपणाची होती. खोदून विचारले तेव्हा कळले, लेकीकडे महाबळेश्वरला जायचे असले की हे गृहस्थ आदल्या दुपारपासून जेवत नाहीत. "एस.टी.त पिशवी भरली तर घाटात उतरू कुठे, डॉक्टर?"

प्रश्न खोटा नाही. या तोंडाला गुदद्वारासारखा आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे शौच थोपवून धरता येत नाही. पण उपाशी राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. रिकाम्या पोटी वायू जास्त धरतो आणि आतड्याची उरलीसुरली शिस्तही मोडते. रुग्णालयात पिशवी बदलायला शिकवतात; दिवस कसा बसवायचा हे शिकवायला बहुधा कोणाला सवड नसते. ते शिकविल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटात अन्न पडले की मोठे आतडे हालचाल करू लागते. सकाळच्या चहा-भाकरीनंतर परसाकडची भावना होते ती यामुळेच, आणि शस्त्रक्रियेनंतरही आतडे ही सवय विसरत नाही. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत मळ बराचसा घट्ट असतो आणि पुष्कळांना दिवसातून एकदोनदाच होतो. म्हणून मी त्यांना सांगितले, जेवणाच्या वेळा ठरवा आणि पिशवी केव्हा भरते ते दोन आठवडे वहीत लिहा. नातवाने शाळेच्या जुन्या वहीत लिहून आणले. न्याहारीनंतर तासाभरात पिशवी भरत होती, मग संध्याकाळपर्यंत बहुतेक काही नाही! तेव्हा पहाटे लवकर उठून नाचणीची भाकरी खायची, पिशवी रिकामी करायची आणि मग गाडी धरायची. वाल, चवळी, कांदा, कोबी प्रवासाच्या आदल्या दिवशी कमी. एरवी सोसेल तितके खावे. पिशवी एकतृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी, काठोकाठ भरू देऊ नये. नवी पिशवी सकाळी काही खाण्यापूर्वी लावावी, तेव्हा आतडे शांत असते. कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. आपल्याकडे कातडीला खोबरेल लावण्याची सवय फार. इथे ती नको, तेलावर पिशवी चिकटत नाही.

काहींना आतड्याच्या तोंडातून कोमट पाणी सोडून आतडे धुण्याची पद्धत मानवते. रोज किंवा दिवसाआड ठरल्या वेळी तासभर दिला की पुढे बराच काळ निर्धास्त राहता येते. मात्र ही पद्धत डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीसाठी आहे, लहान आतड्याच्या तोंडासाठी नव्हे; आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची परवानगी घेऊन, शिकूनच करावी. अशा रुग्णांसाठी मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते, तिची जरूर मदत घ्यावी.

आपल्या भागापुरती एक सूचना. जुलै 2021 मध्ये महाड पुरात बुडाले आणि दरडींनी आंबेनळी घाट बंद पडला, ते आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यापूर्वी महिनाभराच्या पिशव्या घरात, कोरड्या जागी असाव्यात. पावसात घामाने आणि ओलीने पिशवी लवकर सुटते, म्हणून थोड्या जास्तच घ्या. चुलीजवळ ठेवू नका.

पोट दुखून पिशवीत काहीच येईनासे झाले, उलट्या लागल्या किंवा आतड्याचे तोंड काळेनिळे दिसू लागले, तर वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

आमचे शेतकरी परवा न्याहारी करून लेकीकडे जाऊन आले. जादा पिशवी खांद्यावरच्या झोळीत होती. ती तशीच परत आली, हे त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितले.